जादूच्या वस्तू आणि किरकोळ मारामाऱ्या: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीएमना पडणारे प्रश्न

डीएम (डंजन मास्टर) म्हणजे खेळ चालवणारा. आकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रं रंगवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या पुस्तकांतले आहेत. २०२४च्या पुस्तकांतला बदल महत्त्वाचा वाटला तिथे तो सांगितला आहे. पुस्तकं लगेच घ्यायची नसतील तर या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे 'एसआरडी ५.१', जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. सुरुवातीला तेवढे पुरतात. आमच्या टेबलाचा घरचा नियम असेल तिथे तसं लिहिलं आहे. पटला तर घ्या, नाही तर सोडा.

किरकोळ मारामारी कुठली म्हणायची?

कोण जिंकणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं ती. तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं आहेत आणि समोर चार गोब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. एका गोब्लिनचे ५० एक्सपी (त्याला हरवल्याचे अनुभवाचे गुण), चौघांचे २००. शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, म्हणून ४००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना 'सोपी' लढाई ३००ला सुरू होते आणि 'मध्यम' ६००ला. म्हणजे ही सोपीच झाली. खेळाडू हरण्याचा प्रश्न नाही.

जिंकणं ठरलेलंच आहे, तर घ्यायची कशाला?

खर्चासाठी. मंत्राचे स्लॉट (किती मंत्र टाकता येतील ते), हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरायचे फासे), बाण, कांडीचे चार्ज (ती किती वेळा चालेल ते), औषधाची बाटली यातलं काहीतरी इथे गेलं पाहिजे, म्हणजे पुढच्या मोठ्या लढाईत ते हाताशी नसेल. काहीच गेलं नाही तर ती मारामारी फुकट गेली, मग कितीही आरडाओरडा झालेला असो.

२०१४चे नियम एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया झेपतील असं धरून चालतात. आपल्याकडे रविवारी दुपारी तीन तास मिळतात, त्यातला अर्धा तास चहा-चिवड्यात जातो. एका बैठकीत दोन लढाया झाल्या तरी डोक्यावरून पाणी. बरेच डीएम इथेच फसतात: बैठक संपली म्हणून पात्रांनाही झोपवतात आणि पुढच्या रविवारी सगळे ताजेतवाने होऊन हजर. मग कोणतीच किरकोळ लढाई बोचत नाही. बैठक संपणं आणि खेळातला दिवस संपणं यांचा काही संबंध ठेवू नका. एक दिवस तीन रविवार चालला तर चालू दे. प्रत्येकानं शिल्लक आपल्या पात्राच्या शीटवर लिहून ठेवायची, एवढंच पथ्य.

चार गोब्लिन मारायला पाऊण तास लागतो. काय करू?

पहिलं, सगळ्या गोब्लिनांचा इनिशिएटिव्ह (पाळी ठरवणारा फासा) एकच टाका. नियमांत एकसारख्या शत्रूंसाठी तेच सांगितलेलं आहे, तरी लोक चार वेगळे टाकत बसतात.

दुसरं, शत्रूचं नुकसान टाकू नका, सरासरी धरा. गोब्लिनच्या तलवारीचे १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २), सरासरी ५ (अर्धा सोडून). छापील आकड्यांत ती कंसाच्या आधी दिलेलीच असते. खेळाडूंना मात्र स्वतःचे फासे टाकू द्या, ती मजा त्यांची आहे. पण हल्ल्याचा आणि नुकसानाचा फासा एकदम टाकायला सांगा. लागलाच नाही तर नुकसानाकडे बघायचं नाही.

तिसरं, पुढचा कोण ते आधी सांगा. "आत्ता अक्का, मग तू, तयार राहा" एवढं म्हटलं तरी पुढचा माणूस मोबाईल खाली ठेवतो. पाळी आल्यावर शीट चाळायला लागणारा एकटा माणूस सगळ्यांची दुपार खातो. आमच्याकडे अशाला "बघ की लवकर!" म्हणायची जबाबदारी शेजारी बसलेल्यावर आहे.

चौथं, शत्रू सहा-आठ असतील तर हल्ल्यांचेही फासे टाकू नका. डीएमच्या पुस्तकात टोळीसाठी तक्ता आहे. शत्रूचा घाव लागण्यासाठी डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) किती पडायला हवेत ते काढायचं. १ ते ५ असेल तर प्रत्येकाचा घाव लागतो, ६ ते १२ असेल तर दोघांत एकाचा, १३-१४ला तिघांत एकाचा, १५-१६ला चौघांत एकाचा. आठ गोब्लिनांचा हल्ला +४ आणि समोरच्याचा एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) १६, म्हणजे फाशावर १२ हवेत. दोघांत एक, म्हणून चार घाव, प्रत्येकी ५, एकूण २०. झालं, एकही फासा न टाकता. फक्त हे २० एकाच माणसावर ओतू नका. तिसऱ्या लेव्हलचा विझार्ड तेवढ्यानं आडवा होतो, आणि आडवं पाडणारा फासा कुणी पाहिलेला नसला की माणूस चिडतो, आणि बरोबरच चिडतो.

पाचवं, निकाल लागला की थांबवा. शेवटच्या गोब्लिनचे ३ हिट पॉइंट (अंगातला जीव) उरले आहेत आणि पाच जण त्याच्याभोवती उभे आहेत, यात खेळण्यासारखं काही उरत नाही. "त्याला मारताय, धरताय की सोडताय?" एवढंच विचारा.

हिट पॉइंटचा हिशेबच नको असेल तर?

२००८च्या चौथ्या आवृत्तीत 'मिनियन' होते: एकच हिट पॉइंट, एक घाव बसला की खलास, आणि चुकलेल्या हल्ल्यातून कधीच नुकसान नाही. ती कल्पना पाचव्यात खुशाल आणा. दोन खरे गोब्लिन आणि सहा मिनियन असा मेळ छान जमतो. पण खेळाडूंना आधी सांगा, नाही तर कुणीतरी मोठा मंत्र एका मिनियनवर उधळतो आणि नंतर तोंड पाडून बसतो.

शत्रू शेवटच्या थेंबापर्यंत का लढतात?

कारण डीएम त्यांना पळवायला विसरतो. १९८१च्या बेसिक नियमांत प्रत्येक राक्षसाला धैर्याचा एक आकडा असे. त्यांच्यातला पहिला मेला की, आणि अर्धे पडले की, २डी६ टाकायचे. आकड्यापेक्षा जास्त पडले तर ते लढाई सोडतात. पाचव्या आवृत्तीतही ऐच्छिक नियम आहे, डीसी १०ची विस्डम सेव्ह, म्हणजे शहाणपणाचा फासा टाकून १० गाठले नाहीत तर ते पळतात. मी जुनाच वापरतो. दोन फासे सगळ्यांसमोर पडतात, खेळाडूही वाकून बघतात.

चोर्ला घाटात व्यापाऱ्यांचे बैल अडवणारी टोळी आहे असं धरा. त्यांना बैल हवेत, हौतात्म्य नको. म्होरक्या पडला की उरलेले जंगलात शिरणार. कुणाच्या टप्प्यातून 'डिसएंगेज' (सावध माघार) न करता निघाले तर पाठीत एक वार बसतो, तो खेळाडूंना घेऊ द्या. गोब्लिन मात्र बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) डिसएंगेज करतात, म्हणून ते सहज सटकतात. पळवून लावलेल्या शत्रूचे एक्सपी पूर्ण द्या. हे नाही केलं तर तुमचे खेळाडू प्रत्येकाच्या मागे कणकुंबीपर्यंत धावतील.

पळालेला माणूस कामाचा असतो. तो गावात जाऊन सांगतो, "त्यांच्यातल्या एकीच्या हातातून वीज निघते." पुढच्या वेळी टोळी तयारीनं येते.

फासे न टाकता निकाल लावला तर चालेल का?

फासे अजिबात नकोत असं नाही, पण एक पुरतो. हा घरचा नियम आहे. बाजारात चार गुंड आडवे आले. पूर्ण लढाई करण्याइतके ते महत्त्वाचे नाहीत. प्रत्येक खेळाडू आपण काय करतो ते एका वाक्यात सांगतो आणि डीसी १२चा एक फासा टाकतो, शक्ती, चपळाई, धाक, जे वाक्यात बसेल ते. यशस्वी झाला तर गुंड लोळला. चुकला तरी गुंड लोळतोच, पण खेळाडू स्वतः निवडून काहीतरी गमावतो: १डी६ हिट पॉइंट, एक मंत्राचा स्लॉट, एक चार्ज किंवा एक बाटली. दहा मिनिटांत विषय संपतो. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या टेबलाला हा नियम सगळ्यात जास्त मानवतो, असं माझं ठाम मत आहे.

खानापूरच्या जंगलात खेळ नेला आहे. रँडम एन्काउंटरमध्ये काय ठेवू?

पहिल्यांदा, पुस्तकातला आकडा लक्षात ठेवा: डी२० टाकायचा, १८ किंवा वर पडलं तरच काहीतरी भेटतं. म्हणजे शंभरात पंधरा वेळा. दर तासाला अस्वल भेटणारं जंगल खोटं वाटतं.

भीमगड परिसरातले प्राणी तक्त्यात घालायचे तर आकडे नवे बनवायची गरज नाही. कोळसुंद्यांच्या टोळीला लांडग्याचे आकडे द्या: एसी १३, हिट पॉइंट ११, आणि साथीदार शेजारी असला की हल्ल्यात अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा). कोळसुंदे कळपानंच शिकार करतात, त्यामुळे हे चपखल बसतं. अस्वलाला 'ब्लॅक बेअर' घ्या. गव्याला चक्क गेंड्याचे आकडे लावा, एसी ११, हिट पॉइंट ४५, आणि धावत येऊन धडक. फक्त गवा विनाकारण अंगावर येत नाही. तो वाटेत उभा आहे, संध्याकाळ होत आली आहे आणि मागून टोळी येते आहे, एवढं पुरे. तलवार काढायची की वळसा घालायचा, हे त्यांनी ठरवावं.

माझी आवडती जागा बारापेडेची गुहा. इथलं रॉटनचं वटवाघूळ जगात बाकी कुठेच नाही असं एके काळी मानलं जाई. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. गुहेला वटवाघळांच्या थव्याचे आकडे द्या: एसी १२, हिट पॉइंट २२, तलवारी-बाणांचं नुकसान अर्धं. थव्याला आवाजानं दिसतं, म्हणजे तो बहिरा झाला की अंधाऱ्या गुहेत आंधळाही होतो. एकदा एका मुलीनं थव्याला हातही न लावता नुसती हलगी बडवली, आणि बाकीचे गुपचूप आत गेले. लढाई झाली नाही, पण हलगीचा आवाज आतल्यांनीही ऐकला. खर्च झालाच की!

जादूच्या वस्तू किती द्यायच्या?

पुस्तकातला ढोबळ हिशेब वस्तूच्या दुर्मिळतेवरून असा: 'अनकॉमन' पहिल्या लेव्हलपासून, 'रेअर' पाचव्यापासून, 'व्हेरी रेअर' अकराव्यापासून, 'लेजंडरी' सतराव्यापासून. शिवाय एका पात्राला अॅट्यूनमेंट (वस्तूशी सूर जुळवणं) लागणाऱ्या तीनच वस्तू बाळगता येतात.

माझं मत: टिकणाऱ्या वस्तू हात आखडून, संपणाऱ्या वस्तू हात सैल सोडून. पाचव्या लेव्हलपर्यंत प्रत्येकाकडे कायमची एक वस्तू पुरे. बाटल्या, स्क्रोल, दोन-तीन जादूचे बाण मात्र वाटत राहा. त्यानं खेळाचा तोल जात नाही, कारण ते संपतातच.

सापडलेली वस्तू काय आहे हे कसं कळतं?

एक तासाच्या शॉर्ट रेस्टमध्ये ती हाताळत बसलं की गुण कळतात. 'आयडेंटिफाय' मंत्रानं लगेच कळतात. त्याला १०० सोन्याच्या नाण्यांचा मोती लागतो, पण तो खर्च होत नाही. औषध असेल तर जिभेवर थेंब ठेवला तरी पुरतं. शाप मात्र या कशानंच कळत नाही, म्हणून शापित वस्तू जपून वापरा. वापरलीच तर शाप गमतीचा ठेवा: खोटं बोललं की हातातला आडकित्ता आपोआप कटकट वाजतो, असं काहीतरी. मोहीमच मोडेल असा शाप फक्त डीएमला आवडतो.

मला वाटतं ओळखण्याचा हा भाग कंटाळवाणा आहे. दुसरी वाट?

आहे, आणि या सगळ्यातली ती सर्वांत कामाची आहे: वस्तू शत्रूच्या हातात द्या.

गोब्लिनांच्या म्होरक्याकडे 'वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स' ही जादूची कांडी आहे. पुष्कळ डीएम ती पेटीत कुलूपबंद ठेवतात, म्होरक्या गंजक्या तलवारीनं लढून मरतो आणि नंतर पेटी उघडल्यावर कांडी निघते. असा कसा म्होरक्या? त्याला ती वापरू द्या. कांडीत ७ चार्ज असतात. एका चार्जला तीन बाण सुटतात, प्रत्येकी १डी४+१, आणि ते चुकत नाहीत. पहिल्याच फेरीत सरासरी साडेदहा हिट पॉइंट जातात. टेबल दचकून जागं होतं, सोप्या लढाईला दात येतात.

आता गंमत बघा. खेळाडूंना कांडी काय करते ते समोर दिसलं, ओळखत बसायची गरज उरली नाही. आणि तो जितके चार्ज उडवेल तितके त्यांना मिळणाऱ्या कांडीत कमी. मग "पटकन पाडा त्याला, आपले चार्ज जातायत!" असा ओरडा होतो. आपले म्हणे! अजून हातात पण आलेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे १डी६+१ चार्ज परत येतात, म्हणून कायमचं नुकसान नाही. शेवटचा चार्ज वापरला तर मात्र डी२० टाकायचा आणि १ पडला की कांडीची राख. तो फासा म्होरक्याच्या वतीनं सगळ्यांदेखत टाका.

बाटलीचंही तसंच. जखमी गुंडानं तुमच्यासमोर औषध घटाघटा प्यायलं, की उरलेल्या गुंडांना जिवंत धरायची घाई होते.

खेळाडू बाटल्या नुसत्या साठवतात, वापरत नाहीत.

साध्या औषधाचे २डी४+२, सरासरी ७. २०१४च्या नियमांत ते प्यायला पूर्ण अॅक्शन जाते, त्यामुळे मारायचं सोडून कुणी पीत नाही. २०२४मध्ये ते बोनस अॅक्शन केलं आहे. जुनी पुस्तकं वापरत असाल तरी हा बदल उचला. किंमत ५० नाणी, तीच राहू दे.

तरीही साठवत असतील तर जागा कमी करा. एका पात्राच्या कमरेला तीनच बाटल्या, चौथी सापडली तर एक प्यायची किंवा दुसऱ्याला द्यायची. घरचा नियम, पण फार लागू पडतो.

बॅग ऑफ होल्डिंगमध्ये, म्हणजे त्या जादूच्या पिशवीत, नेमकं किती मावतं?

५०० पाउंड, म्हणजे सव्वादोन क्विंटल. जागा ६४ घनफूट: चार फूट लांब, रुंद, उंच असा खोका डोळ्यांसमोर आणा. पिशवीचं स्वतःचं वजन कायम १५ पाउंड, जेमतेम सात किलो. आत कुणाला कोंबलंत तर दहा मिनिटं पुरेल एवढीच हवा, आणि दोघं असतील तर पाचच. तशीच दुसरी पिशवी आत घातली तर दोन्ही फाटतात आणि दहा फुटांतले सगळे अॅस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्याच जगात खेचले जातात. हे खेळाडूंना आधी सांगू नका, कुणीतरी करतोच.

'+१ तलवार' दिली तर कुणाला काहीच वाटत नाही.

वाटणार कसं? डी२०वर एक म्हणजे शंभरात पाच वेळा फरक. खरा फायदा वेगळा आहे: गार्गॉइलसारख्या राक्षसांवर साध्या शस्त्राचं नुकसान अर्धं होतं, जादूच्या शस्त्राचं पूर्ण. म्हणून तलवार द्यायच्या आधी एकदा गार्गॉइल भेटवा आणि त्यांना पळू द्या. आणि तलवारीला मूळ मालक द्या. राजहंसगडाच्या कुण्या काल्पनिक किल्लेदाराची ती आहे, मुठीवर त्याच्या मुलीचं नाव कोरलंय, आणि त्या मुलीचे वंशज येळ्ळूरला राहतात. ते मागायला आले तर?

सौंदत्तीच्या यल्लम्माचा अलंकार, जोतिबाचा गुलाल अशा वस्तू घ्याव्यात का?

मी घेत नाही. टेबलावरच्या कुणाची तरी आई दर पौर्णिमेला डोंगरावर जाते. त्या देवीच्या वस्तूला '३ चार्ज' लावणं शोभत नाही. ऐतिहासिक माणसांचंही तेच. आपल्या भागात पुतळा आणि फलक यांवरून किती तापतं ते सांगायला नको, आणि टेबलावर मराठी बोलणारे जितके आहेत तितकेच कन्नड बोलणारे असतात. वस्तू घरातली घ्या: आडकित्ता, समई, पानाचा डबा, शहापुरी लुगडं, खानापूरच्या मातीचा रांजण. त्यांना कुणाची हरकत नसते.

आयटम कार्ड मराठीत लिहू की कन्नडमध्ये?

चित्र काढा, खाली आकडे. वाचून दाखवताना ज्याला जी येते ती भाषा.

जादूच्या वस्तूंचं दुकान असावं का?

कायमचं नको. पुस्तकात अनकॉमनला १०१ ते ५०० आणि रेअरला ५०१ ते ५००० नाण्यांचा अंदाज आहे, पण दुकान उघडलं की खेळाडू यादी घेऊन येतात. त्यापेक्षा जत्रेत एक फिरता व्यापारी ठेवा. तीनच वस्तू, एकीबद्दल तो खोटं बोलतोय, आणि जत्रा उठली की तो गेला.

एक वस्तू फारच जोरदार निघाली. परत कशी घेऊ?

चोरानं पळवली असं करू नका, सगळ्यांना कळतं. खेळ थांबवून सरळ बोला: "ही वस्तू जड जातेय, दिवसातून तीन वेळाच चालवू या का?" बहुतेक जण हो म्हणतात.

लढाई अर्धी असतानाच निपाणीच्या मंडळींना बस गाठायची असते.

टेबलाचा वरून फोटो घ्या, सोंगट्या म्हणून ठेवलेल्या कवड्यांसकट. त्याच फोटोखाली ग्रुपवर चार गोष्टी टाका: कितवी फेरी, कुणाची पाळी, शत्रूंचे उरलेले हिट पॉइंट, आणि दोन्ही बाजूंनी कोणकोणते चार्ज वापरले. शत्रूचा आकडा गुप्त ठेवायचा असेल तर तो स्वतःलाच पाठवा. पुढच्या वेळी कुणी आलं नाही, तर त्याचं पात्र त्या फेरीपुरतं बैलगाडीच्या आड राहतं. त्याच्या बाटल्यांना कुणी हात लावायचा नाही.